बूट काढा, मिस्त्री

'स्वतःतल्या उणिवा तुम्हाला कशा सापडल्या' या विषयावर आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादक मॅडम म्हणाल्या तेव्हा मला हसू आलं. सापडायला वस्तू आधी हरवलेली लागते. यवतमाळ जिल्ह्यात माणसाला आपले दोष आपण शोधायची तसदी कोणी घेऊच देत नाही. ते तयार असतात. तुम्ही फक्त जाऊन उभं राहायचं.

मी कोल्हापूरकडचा. दोन गाड्या बदलून, अंग आंबवून, पांढरकवड्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चहावाल्याने चहा ओतायच्या आधी माझी लोखंडी पेटी पाहिली.

"काहून गा, घरच उचलून आणलं काय?"

"नाही हो. जिनिंगमध्ये कामाला आलोय. कोल्हापूरचा."

"कोल्हापूर सोडून इकडं कायले आला? ऊन नाही सोसणार तुले. तोंडावरूनच दिसते."

मी मनात म्हटलं, काय उद्धट माणूस आहे. मे महिन्यात मी जिनिंगच्या पत्र्याखाली चक्कर येऊन पडलो, तेव्हा मला उठवायला हाच चहावाला धावत आला. लोकांचं म्हणणं खरं निघतं याचा एवढा राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नसेल.

आठवीतून शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. मास्तरांनी फळ्याजवळ बोलावलं की घशाला कोरड पडायची, त्यापेक्षा कारखान्यात लेथ मशीनवर उभं राहणं बरं वाटलं. लोखंड प्रश्न विचारत नाही. त्या कारखान्यातून यंत्रं बसवायला म्हणून एका फोरमनबरोबर मी इकडे आलो. फोरमनला इथलं पाणी मानवलं नाही, तो परत गेला. मी राहिलो, कारण पहिल्याच संध्याकाळी जिनिंगच्या मालकांनी, शेटजींनी, मागच्या खोलीशी येऊन विचारलं, "जेवलात का मिस्त्री?"

तोवर मला कोणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. घर सोडल्यापासून जेवलास का, असंही कोणी विचारलं नव्हतं. त्या एका वाक्याच्या आधारावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. ती कशी काढली, हेच सांगायचं आहे.

आधी धंदा. जिनिंग म्हणजे काय, हे पाहुण्यारावळ्यांना सांगून मी कंटाळलो आहे. नाही, आम्ही सूत काढत नाही. नाही, आमच्याकडे कापड स्वस्त मिळत नाही. शेतातून येतो तो कापूस. त्याच्या पोटात बी असतं, ती सरकी. सरकी एकीकडे करायची आणि रुई एकीकडे, एवढंच आमचं काम. यंत्रात चामड्याचे दोन रूळ फिरतात. रुईचे तंतू त्यांना धरून पुढे ओढले जातात आणि सरकी पात्याच्या धारेला अडून खाली पडते. पातं रुळापासून लांब राहिलं तर सरकी रुईत जाते. जवळ गेलं तर सरकी फुटते, चामडं करपतं. हे अंतर सांभाळतो तो मिस्त्री. आणि कापूस हे असं पांढरंशुभ्र जळण आहे की ठिणगीची वाटच बघत असतं. त्यामुळे मिस्त्रीला दुसरं काम असतं, घाबरून राहण्याचं. ते मला शिकवावं लागलं नाही.

अंतर राखायचं कानाने. माझा कान चांगला होता, हे मी सांगू शकतो कारण ते शेटजीही सांगायचे. डोळे मिटून यंत्रांच्या ओळीतून गेलो तरी कोणता रूळ गुळगुळीत झालाय, कुठे पातं घासतंय, हे मला कळायचं. खोलीत झोपलेला असलो आणि आवाज जरा बदलला तर उठून बसायचो. माझी बायको शालन कूस बदलत म्हणायची, "पोरगं रडलं तर जाग येत न्हाई तुम्हाला. मशीन रडलं की बरी येती."

प्रत्येक यंत्रापुढे एक बाई उभी असते. ती हाताने कापूस टाकत जाते. याला कापूस चारणं म्हणतात, जनावराला वैरण चारावी तसं. बाया उभ्या राहतात लोखंडी पट्टीवर, अनवाणी. चपला दाराबाहेर. रुईवर चप्पल घसरते हे एक कारण, आणि कापूस म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर पायताण घालू नये हे दुसरं. शेटजीसुद्धा आत येताना चप्पल काढत. बूट फक्त मिस्त्रीला. पायावर पाना पडला तर मिस्त्री लंगडा होईल आणि जिनिंगही लंगडं होईल, म्हणून मला तेवढी सूट होती. या सवलतीचा मला अभिमान होता.

त्या पट्टीखाली बोगदा. बोगद्यात एक लांबलचक शाफ्ट फिरतो आणि त्याच्यावरून पट्टे वर येऊन सगळी यंत्रं चालवतात. शाफ्ट एकच. तो थांबला की सगळंच थांबलं.

चार नंबरच्या यंत्रावर वंदनाबाई उभी राहायची. कापूस चारणाऱ्या बायांची ती मुकादम. विहारामागच्या वस्तीत राहायची, माझ्याहून वयाने मोठी, उंच, आणि सकाळी आत आली की "जयभीम मिस्त्री" म्हणून लगेच एक तक्रार हातात ठेवायची.

"चार नंबरची पट्टी तापून राह्यली मिस्त्री. पाय भाजते."

"बघतो."

मी बघायचोही. खोटं नाही. शाफ्ट फिरत असताना बोगद्यात जाणं म्हणजे आत्महत्या, म्हणून जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली, माझी भाकरी झाली, चहा झाला, की मी खाली उतरायचो. चार नंबरखालच्या बेअरिंगवर हात ठेवायचो. कोमट. ग्रीस भरायचो. दुपारी यंत्रं सुरू झाली की कान लावायचो. आवाज स्वच्छ.

"आवाज ठीक आहे, वंदनाबाई."

"आवाज ठीक हाय त मंग पाय काहून भाजते?"

"बघतो."

आता कोणी म्हणेल, एवढी साधी गोष्ट तुला कळली नाही? जेवणाच्या सुट्टीत, चहा पिऊन हात लावला तर काहीही कोमटच लागणार. हे मला आज कळतं. तेव्हाही कुठेतरी कळत असावं, कारण बोगद्यात उतरायच्या आधी मी चहा कधी घाईने प्यायल्याचं आठवत नाही.

खरी अडचण वेगळी होती. ते बेअरिंग उघडायचं तर पूर्ण लाइन बंद करायला लागणार. शाफ्ट झिजला असेल तर तो यवतमाळला लेथवर न्यावा लागणार. म्हणजे ऐन हंगामात दोन दिवस जिनिंग बंद. आणि ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेला, बोंडाला अळी, आमच्याच रस्त्यावरची तीन जिनिंगं एकामागून एक बंद झालेली. जिनिंग बंद झाल्याचं गावाला कसं कळतं? भोंग्यावरून. सकाळी भोंगा वाजला नाही की शेतकरी बंड्या, म्हणजे कापसाच्या बैलगाड्या, दुसरीकडे वळवतात, आणि एकदा वळलेली बंडी परत येत नाही. त्या तीनही जिनिंगांचं तसंच झालं. आधी म्हणे दुरुस्ती, मग कुलूप. आमचा भोंगा एकटा उरला होता.

शेटजी रोज सकाळी चप्पल काढून आत येत आणि विचारत, "मिस्त्री, सब बराबर?"

मी म्हणायचो, "होय शेटजी. एकदम."

जेवलात का विचारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

हंगाम सरला, पट्टी थंड पडली, तक्रारही थंडावली आणि बेअरिंग उघडायचं राहूनच गेलं. मग पोळा आला. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभे करतात आणि झडत्या म्हणतात. झडती म्हणजे वरकरणी देवाचं नाव, आतून लोकांची हजामत. सरपंच असो, सावकार असो, त्या दिवशी कोणाला सोडत नाहीत आणि ज्याच्यावर झडती झाली त्याने रागवायचं नाही, असा रिवाज. जिनिंगचा पोळा फाटकासमोरच्या मैदानात भरायचा. कापसाच्या गंजीवरचा हमाल तुळशीराम हा झडत्यांचा राजा. त्याने आमदाराला धुतलं, तलाठ्याला धुतलं, शेटजींच्या पोटाला हात घातला. मी मागे उभा राहून मनसोक्त हसत होतो. तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पाना फिरे गरगर, चाक फिरे भरभर,
मिस्त्रीचा कान पोचते बसस्टँडवर!
यंत्र शिंकलं त उठते झोपेतून,
बाई बोंबलली त 'बघतो' म्हणते दातातून!
एक नमन गौरा पार्वती, हर हर महादेव!"

सगळं मैदान "महादेव" म्हणालं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेटजी हसत होते. मीही हसलो. हसताना माझे दात दिसले, तर तुळशीराम ओरडला, "पाहा, पाहा, तेच दात!" आणि पुन्हा हशा.

त्या दिवसापासून पोरंटोरंसुद्धा मला 'बघतो मिस्त्री' म्हणायला लागली.

मी चिडलो. घरी येऊन शालनला म्हटलं, "मी काय करतो म्हणून? रात्रंदिवस राबतो. कोणाला दुखवत नाही. कोणाला नाही म्हणत नाही."

"मला म्हणता की," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "रोज म्हणता. माहेरी जाऊ? न्हाई. पंखा घेऊ? न्हाई. हापिसाचा उंबरा दिसला की तेवढं तोंडातनं 'होय शेटजी' बाहेर पडतंय."

"तो विषय वेगळा."

"व्हय, वेगळाच. मी जेवलात का म्हणून विचारत न्हाई, वाढूनच देती. म्हणून मला न्हाई."

बायकोचं मत पक्षपाती असतं असं ठरवून मी बाहेर चौकशीला निघालो. हा माझा आणखी एक मूर्खपणा. माणसाने आपल्याबद्दल एकाला विचारावं, फार तर दोघांना. मी सगळ्यांना विचारलं. मुनीमजी म्हणाले, तुम्ही फार भरभर चालता, ऑफिसातले कागद उडतात. वॉचमन म्हणाला, तुम्ही फार हळू बोलता. रुईच्या गाठी बांधणारा प्रेसवाला म्हणाला, तुम्ही आभार फार मानता, पाण्याचा ग्लास दिला तरी दोनदा, त्यामुळे पाणी द्यायचीच लाज वाटते. एकाने सांगितलं की मी घोरतो. हा माणूस माझ्या खोलीपासून चांगला लांब राहायचा. मी घोरणं, चालणं, बोलणं, आभार, सगळं एकदम सुधारायला घेतलं. आठवडाभर मी मोठ्याने बोलत हळू चालत होतो. लोकांना वाटलं आजारी आहे.

शेवटी तुळशीरामलाच गाठलं. म्हटलं, "तू जे बोललास त्याचा नेमका अर्थ काय?"

तो रिकाम्या पोत्यांचा भारा डोक्यावर घेऊन उभा. "अरे मिस्त्री, पोळा फुटला, गोष्ट संपली. आता खुलासा कायले मांगून राह्यला?"

"मला सुधारायचंय."

"मंग मले कायले विचारते? चार नंबरवर जाऊन विचार ना बावा." आणि तो भारा घेऊन गेला.

चार नंबरवर मी गेलो नाही. ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. सगळ्या जिनिंगला विचारून झालं होतं, ते तिला विचारावं लागू नये म्हणूनच असावं.

नवा हंगाम सुरू होताना सुरक्षिततेचं शिबिर झालं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात शिबिरं फार यायची. कापूस कमी आणि शिबिरं जास्त. पुण्याहून एक सर आले होते. गोड माणूस, घामाने भिजलेला. त्यांनी आम्हाला गोल बसवलं आणि म्हणाले, "प्रत्येकाने उभं राहून प्रामाणिकपणे स्वतःतली एक उणीव सांगायची."

काय एकेक उणिवा निघाल्या! मुनीमजी म्हणाले, माझी उणीव म्हणजे मी लोकांवर पटकन विश्वास ठेवतो. हे मुनीमजी स्वतःच्या डब्यालाही कुलूप लावायचे. प्रेसवाला म्हणाला, माझं मन फार हळवं आहे. वॉचमन म्हणाला, मला खोटं सहन होत नाही. असल्या उणिवा असलेली माणसं मी फक्त लग्नाच्या बोलणीत ऐकली होती.

माझी पाळी आली. मी उभा राहिलो, आठवीत फळ्याजवळ राहायचो तसा. मी म्हटलं, "मी फार काळजी करतो. मला भीती वाटते."

सरांनी टाळ्या वाजवल्या. "बघा! किती प्रामाणिक! पण मिस्त्री, सुरक्षिततेच्या कामात काळजी ही उणीव नाही, ताकद आहे!"

मी बसलो तो फुलून. उणीव म्हणून दिली आणि ताकद होऊन परत आली. असला फायद्याचा सौदा मी कधी केला नव्हता.

मग वंदनाबाई उठली. हात पाठीमागे.

"माह्यात काय कमी हाय ते मले मालूम हाय सर. मी एकच गोष्ट शंभरदा सांगतो. लोकाईले त्रास होते. पण ऐकणाऱ्यानं पयल्याच बारीले ऐकलं असतं, त हा दोष मले लागला नसता."

सर म्हणाले, "वा, छान." त्यांना काही कळलं नाही. बाकी सगळा गोल माझ्याकडे पाहत होता.

त्यानंतर पंधरवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. तक्रार नाही, जयभीम नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. झालं उलटंच. रोज सकाळी ती पट्टीवर उभी राहायची आणि थोड्या थोड्या वेळाने एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पोटरीला लावायची, बगळ्यासारखी. मग पाय बदलायची. हे ती कधीपासून करत होती कोण जाणे. ती बोलत होती तोवर मी तिच्या तोंडाकडे, तेही उत्तर काय द्यायचं या विचारात, पाहायचो. पायाकडे कधी पाहिलं नव्हतं. बाकीच्या बायांचे पाय मात्र पट्टीवर टेकलेले होते.

ऐन थंडीचे दिवस. फाटकाबाहेर बंड्यांची आणि मेटॅडोरची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. शेटजी खुशीत. मी ओळीतून कान लावत चाललो होतो. चार नंबरपाशी पोचलो तशी वंदनाबाईने कापूस चारणं थांबवलं आणि बाजूला सरकली.

"मिस्त्री, बूट काढा."

"काय?"

"बूट काढा म्हणतो. मोजे बी काढा. आन् इथं उभं राहा. मी काई बोलत नाई आता."

आजूबाजूच्या बाया पाहायला लागल्या. सात नंबरची सुभद्रा म्हणाली, "काढा ना मिस्त्रीभाऊ, लाजता कायले? पायच दाखवायचे हायेत."

सगळ्यांसमोर खाली बसून नाड्या सोडताना मला एवढा संताप आला होता की गाठ सुटेना. मनात म्हणत होतो, ही बाई मला भर जिनिंगमध्ये तमाशा करायला लावते आहे. शेटजी आले तर? मोजे बुटात कोंबले. आणि पट्टीवर पाय ठेवला.

चटका नव्हता. ते सांगायला हवं. चटका असता तर मी लगेच पाय काढला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. उबदार होतं, थंडीत बरं वाटावं असं. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आता थांबा. मी चारतो तसा कापूस चारा. घाई करू नका."

मी कापूस चारायला लागलो. ऊब वाढत गेली. मग तळवे चुरचुरायला लागले. मग टाचा. आणि मग पायाला आणखी एक गोष्ट लागली, जी माझ्या त्या बसस्टँडपर्यंत पोचणाऱ्या कानाला कधी लागली नव्हती. पट्टी थरथरत होती. शेजारच्या यंत्रांच्या थरथरीपेक्षा वेगळी, खरखरीत, दळणात खडा आल्यासारखी. वरच्या एवढ्या आवाजात ती ऐकू येणं शक्य नव्हतं. ती पायालाच कळणारी गोष्ट होती. माझ्याशिवाय इथल्या सगळ्यांना पाय होते.

मी एक पाय उचलून पोटरीला लावला.

कोणी हसलं नाही. वंदनाबाई फक्त म्हणाली, "हं."

मी बूट हातात घेतले आणि तसाच अनवाणी ऑफिसकडे निघालो. यात शौर्य वगैरे नव्हतं. बूट घालायला थांबलो असतो तर विचार बदलला असता, एवढं मी स्वतःला ओळखून होतो.

शेटजी फोनवर होते. माझे पाय पाहून त्यांनी फोन ठेवला.

"शेटजी, सब बराबर नाही."

दुसरं काही सुचलंच नाही. मग सगळं एकदम बाहेर पडलं. चार नंबर, बेअरिंग, शाफ्ट, दोन दिवस बंद, आजच बंद, आत्ता बंद, खाली रुईची धूळ आहे, ती तापलेल्या लोखंडावर बसली आहे. शेटजी ऐकत राहिले. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "कबसे?"

"बाई पुष्कळ दिवसांपासून सांगतेय."

"आन् तुम्ही?"

मी बूट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

"मिस्त्री, मी रोज सकाळी काहून विचारत होतो? सब बराबर, सब बराबर. तुमच्या तोंडून 'होय शेटजी' ऐकायचा मले काय शौक होता?"

"मला वाटलं, भोंगा बंद झाला तर बंड्या जातील. आपलंही त्या तिघांसारखं..."

शेटजींनी कपाळाला हात लावला. "अरे, शाफ्ट बंद करायचा हाय ना? भोंगा कायले बंद करता? भोंग्याले शाफ्ट लागते काय? वेळेवर वाजवत राहा. आन् फाटकावर जाऊन लोकाईले खरं सांगा."

इतकी वर्षं ज्या भीतीने मी तोंड उघडलं नाही, ती भीती त्या माणसाने बसल्या जागेवरून एका वाक्यात निकालात काढली. मला हायसं वाटायला हवं होतं. मला रडू येईल इतका राग आला. माझाच.

पुढचे दोन दिवस कोणी माझे आभार मानले असतील असा समज करून घेऊ नका. बायांची रोजी बुडाली, त्या वंदनाबाईवर तणतणल्या. शेटजींनी भोंग्याची युक्ती दिली खरी, पण दर थोड्या वेळाने येऊन "झालं काय?" विचारून जीव खाल्ला. फाटकावर बंडीवरचा एक म्हातारा म्हणाला, "दुरुस्ती म्हणता? त्या तिकडच्याईनं बी दुरुस्तीच म्हटलं होतं." त्याच वेळी आमचा भोंगा वाजला. आत एकही यंत्र हलत नव्हतं आणि भोंगा असा वाजला की बैल बुजले. म्हातारा थोडा वेळ ऐकत राहिला, मग बैल सोडून चाऱ्याला लावले. "पाह्यतो मंग," म्हणाला. 'पाह्यतो' या शब्दावर माझा एवढा जीव जडेल असं वाटलं नव्हतं. थोड्या बंड्या गेल्या. पुष्कळ थांबल्या.

बेअरिंग उघडलं तेव्हा तुळशीराम बोगद्यात माझ्यासोबत बॅटरी धरून होता. शाफ्टला बोट जाईल एवढी खाच पडली होती. भोवतालची रुईची धूळ काळी होऊन खरपुडी धरलेली. हाताने चुरली तर काजळीसारखी झाली. वर गंजी होती, बाया होत्या. तुळशीरामने ती काजळी बोटावर घेऊन पाहिली. त्याला झडती सुचली नाही.

बंद असलेल्या दुसऱ्या दिवशी वंदनाबाई दाराशी पाय पसरून बसली होती. तेव्हा तिचे तळवे मी पहिल्यांदा पाहिले. तव्यावर राहिलेल्या भाकरीच्या कडेसारखे, कडक आणि तपकिरी. मला काहीतरी म्हणायचं होतं. क्षमा वगैरे. मी जवळ गेलो.

"आभार-बिभार नको हां मिस्त्री," ती म्हणाली. "तुमी लय मानता."

यंत्रं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजी चप्पल काढून आत आले. मी उत्तर तयार ठेवून उभा होतो. या वेळी खरं, नीट, तपशिलासकट सांगणार होतो. ते माझ्यासमोरून गेले, चार नंबरपाशी थांबले आणि म्हणाले, "वंदनाबाई, सब बराबर?"

त्या दिवसानंतर ते तिलाच विचारायचे. मी जिनिंग सोडेपर्यंत. जेवलात का, हे मात्र मलाच विचारत राहिले.

तर त्या सकाळी वंदनाबाईने शेटजींकडे न पाहता पट्टीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. दोन्ही पाय तसेच राहू दिले. आम्ही सगळे उभे.

"थंडी हाय पट्टी," ती म्हणाली.

शेटजी गेले. मी तिथेच रेंगाळलो. एवढं झाल्यावर माणूस एखादा बरा शब्द मिळेल म्हणून थांबतोच. तिने ओंजळभर कापूस यंत्रात टाकला आणि मान न वळवता म्हणाली, "सात नंबरची सुभद्रा म्हणते, तिची पट्टी हलून राह्यली."

"बघ..." म्हणालो मी.

सुभद्रा पदर तोंडाला लावून हसायच्या तयारीतच होती. मी तोंड मिटलं, खाली बसलो आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागलो.